साडेआठच्या आत रेंज

सायकलने लांब जायचं असेल तर वारा उठायच्या आधी निघावं लागतं. मिनेसोटाच्या दक्षिणेला, जिथे मका आणि सोयाबीन सोडून दुसरं काही नजरेला पडत नाही, तिथे तर हा नियम मोडून चालतच नाही. जूनमध्ये पहाटे पाचला चांगलं उजाडलेलं असतं. नऊपर्यंत हवा गप्प असते. मग दक्षिणेकडून जो वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्याला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. म्हणून उजाडताच निघायचं, उन्हं तापायच्या आत दिवसाचं बरंचसं अंतर उरकायचं आणि एखाद्या गावात सावली धरून बसायचं. हे मला कळतं. माझ्या नवऱ्यालाही कळतं. तरी त्या सहलीत जाताना आम्ही एकही सकाळ धड वापरू शकलो नाही, कारण साडेआठला त्याला सांगलीला फोन करायचा असायचा.

खरं तर आम्ही स्पेनला जाणार होतो. तिथल्या मधल्या पठारावर गव्हाची शेतं, पाच-सहा मैलांवर एकेक गाव, गावात एक चर्च, एक नळ आणि दुपारभर बंद असलेलं एक दुकान. रस्त्यावर दिवसभरात चार ट्रॅक्टर भेटले तर भेटले. मला असाच प्रवास आवडतो. बघण्यासारखं फार काही नसलेला, बोलायची गरज नसलेला. वर्षभर मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मशीनच्या घरघरीत उभी असते आणि आमच्या ईडन प्रेरी गावात शनिवार-रविवार कोणाकडे तरी पॉटलक असतो, एकेकाने एकेक पदार्थ न्यायचं जेवण. मला आठ दिवस शांतता हवी होती. एवढंच हवं होतं.

फेब्रुवारीत नवऱ्याची नोकरी गेली. त्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला, सकाळी मीटिंग आणि दुपारी लॅपटॉप परत. त्याचं इथलं राहणं आता माझ्या व्हिसावर टाकायचं होतं. त्याचा अर्ज गेला होता, आणि वकिलाने बजावलं होतं की अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याने देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर अर्ज बाद. स्पेन कॅन्सल केलं. माझी रजा मात्र मंजूर झालेली होती, आणि मंजूर झालेली रजा मी वाया घालवत नाही. म्हटलं, शेतंच बघायची ना, ती इथेही आहेत. घरून निघायचं, दक्षिणेकडे जायचं, छोट्या गावांच्या पार्कात तंबू ठोकायचा आणि वळसा घालून परत यायचं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडं होतं ते एवढंच, की नोकरी गेल्याचं त्याने सांगलीला सांगितलं नव्हतं.

गेली कित्येक वर्षं तो रोज सकाळी साडेआठला ऑफिसात पोचला की पहिल्या मीटिंगच्या आधी आईवडिलांना व्हिडिओ कॉल करायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात, देवापुढे दिवा लावून दोघं फोनपुढे बसलेली असतात. सासऱ्यांना त्याच्यामागे ऑफिस दिसलेलं आवडतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळींत 'आमचा डायरेक्टर' हा रोजचा विषय असतो. नोकरी गेल्यावर नवरा आमच्या घरातल्या एका पांढऱ्या भिंतीपुढे बसून फोन करू लागला, भिंत ऑफिससारखी दिसते म्हणून. स्पेन रद्द का झालं, तर म्हणे मोठा प्रोजेक्ट आला. म्हणजे आता ज्या आठवड्यात आम्ही मक्याच्या शेतांतून फिरणार, त्या आठवड्यात तो मोठ्या प्रोजेक्टवर ऑफिसात असायला हवा.

"मी सांगणार आहे," तो दर वेळी म्हणायचा. "एखादी ऑफर हातात आली की सांगतो. तोपर्यंत तू काही बोलू नकोस."

मी बोलणार नाही, असा शब्द दिला होता. मी शब्द दिला की पाळते. पण त्यासाठी मला सायकली धरून उभं राहावं लागेल, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

सायकलला लटकवायच्या पिशव्या, म्हणजे पॅनियर, भरताना त्याने एक निळा शर्ट सुरळी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.

"हे काय?"

"इस्त्री लागत नाही याला."

"ते नाही विचारलं मी. तंबूत शर्ट कशाला?"

"फोनसाठी. जर्सीत कसा बोलणार?"

मी त्या पिशवीच्या वजनाच्या दशम्या जास्त भरल्या असत्या. पण पट्टा आवळून टाकला.

पहिल्या दिवशी मी उजाडताच तयार होते. तो फोनवर नकाशा उघडून बसलेला. सायकलचा नकाशा नाही, कुठल्या कंपनीची रेंज कुठे येते त्याचा नकाशा. "इथून पहिलं मोठं गाव साडेआठच्या आत येतं. त्याच्या पुढे मधे काहीच नाही. तर आपण तिथे थांबू." मग तिथे थांबलो. लायब्ररीच्या विटांच्या भिंतीला पाठ लावून त्याने जर्सीवर शर्ट चढवला, गळ्याचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला. खाली गादीवाली सायकलची चड्डी आणि गुडघ्यापर्यंत धूळ. मी दोन सायकली धरून पलीकडे उभी, म्हणजे फ्रेममध्ये येऊ नये म्हणून.

"हो बाबा, बिझीच आहे... हो, हो, टीम मोठी आहे यावेळी... ती? ती गेली कामाला."

ती गेली कामाला. ती समोर उभी होती आणि तिच्या सायकलच्या हँडलला घाम सुटला होता.

फोन संपायला उशीर झाला, कारण सासूबाईंना शेजारच्या मुलीच्या लग्नाचं सगळं सांगायचं होतं. आम्ही निघालो तेव्हा रस्त्याकडेच्या गवताने मान टाकली होती. वारा आला. उरलेला दिवस मी पहिल्या गिअरवर काढला. शेतं छान होती, असं म्हणायला हवं. कोवळा मका घोट्याच्या वर आला होता, रांगा इतक्या सरळ की सायकलवरून जाताना त्या पंख्यासारख्या उघडत मिटत जायच्या. पण मी त्या धड बघितल्या नाहीत. मी मनात भांडत होते.

दुसऱ्या दिवशी लायब्ररी नव्हती. धान्याच्या कोठारांचं गाव होतं, म्हणजे कोठारं आधी आणि गाव त्यांच्या पायाशी. पंधरा घरं, एक पेट्रोल पंप, एक बंद शाळा. कोठाराची सिमेंटची उंच भिंत बघून नवरा खूष झाला.

"परफेक्ट. कॉन्फरन्स रूम वाटेल."

"अरे, तुला कळतंय का तू काय बोलतोस?"

"दहा मिनिटं दे मला, यार."

त्याचं बोलणं चालू असताना एक पिकअप ट्रक हळू झाला. चालवणारी बाई साधारण माझ्याच वयाची, डोक्याला टोपी, शेजारच्या सीटवर कुत्रा. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. फॉर्मल शर्ट, चड्डी, भिंतीला चिकटून उभा, हातवारे चाललेले, अनोळखी भाषा. मग माझ्याकडे बघितलं.

"तो ठीक आहे ना?"

"मीटिंग चालू आहे," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "माझाही असाच. तो फक्त ट्रॅक्टरवर बसून करतो." आणि मग, "कुठवर जाताय?"

मी आयोवाच्या सीमेजवळच्या एका गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "उद्या दक्षिणेचा वारा भयंकर सुटणार आहे. नऊच्या आत तुम्ही पोचलेलं बरं." कुत्रा भुंकला आणि ती गेली.

हे तिने न विचारता सांगितलं, आणि ते खरं होतं. हवामानाच्या अंदाजातही तेच होतं. त्या संध्याकाळी पार्कात तंबूपुढे बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी विषय काढला.

"उद्या साडेचारला उठायचं. अंधारात आवरू. उजाडताच निघू."

"मधे रेंज नाही."

"मग उद्या फोन नको."

"रोज करतो मी. नाही केला तर आई काळजी करेल. ती मग तुला फोन करेल. मग हॉस्पिटलला करेल."

"मग आता रात्रीच कर. तिकडे सकाळ आहे."

"सकाळी कसा करू? आपल्याकडे रात्र असते हे त्यांना माहीत आहे. रात्री ऑफिसात कसा असेन?"

खोट्याचं हे असं असतं. त्यात सगळ्या गोष्टी एकमेकींना बरोबर जुळाव्या लागतात, आणि त्या जुळवण्यात माणूस खऱ्यापेक्षा दुप्पट राबतो. माझा नवरा हुशार आहे, त्याच्या कामात त्याला मान होता. ती सगळी हुशारी आता रेंजच्या नकाशात चालली होती. चार महिन्यांत त्याने नोकरीचे अर्ज केले, नाही असं नाही. पण सकाळचा उत्तम वेळ, जेव्हा डोकं ताजं असतं, तो फोनच्या तयारीत आणि फोन झाल्यावर नुसतं बसून राहण्यात जायचा. हे मी रोज बघत होते. सहलीला यायला मी आग्रह केला तो काही अंशी त्यासाठीच. म्हटलं, भिंतीपासून सुटेल. त्याने भिंती बरोबर शोधून काढल्या.

"आणि समजा सांगितलंस," मी म्हटलं, "तर काय होईल?"

तो चटणीचा डबा बंद करत बसला. "बाबांना सहन होणार नाही."

"कशावरून?"

"तुला माहीत नाही ते."

मला माहीत होतं. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हापासून बघते आहे. मुलाने कधी हरायचं नाही, हा त्या घराचा कायदा. दहावीत त्याला गणितात दोन मार्क कमी पडले ते अजून जेवताना निघतं. पण तो कायदा माझ्या सायकलवर लागू होण्याचं काही कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निघायला सहा वाजले. मधोमध तडजोड, म्हणजे दोघांनाही नको ती वेळ. आठपर्यंत चांगले गेलो. मग वारा आला, आणि तो नेहमीसारखा चढत चढत आला नाही, दार उघडल्यासारखा आला. आम्ही दोन गावांच्या मधे होतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, कडेच्या चरात लव्हाळे आणि पाणी. नवरा दर शंभर यार्डांवर फोन वर धरून बघायचा. शेवटी रस्ता थोडा उंचावला होता तिथे त्याला रेंजच्या दोन काड्या मिळाल्या.

"इथेच थांबू."

"इथे भिंत कुठे आहे?"

"मागे आकाश दिसलं तर सांगेन, ऑफिसच्या गच्चीवर आहे."

शर्ट घालताना तो वाऱ्याने शिडासारखा फुगला. बटणं लावायला त्याला माझा हात लागला. एका हाताने फोन, दुसऱ्याने छातीवरचा शर्ट दाबून धरलेला, अशा अवस्थेत त्याने कॉल लावला. मी चराच्या बाजूला सायकली घेऊन उभी राहिले. सासूबाईंचा आवाज स्पीकरवर स्पष्ट येत होता.

"अरे, हे कसलं सूं सूं?"

"एसी आहे, आई. जुना झालाय."

"एसीने कॉलर उडते होय?" हे सासरे.

"गच्चीवर आलोय जरा. आत मीटिंग चालू आहे."

त्याच वेळी चरातून एक पक्षी उठला. काळा, खांद्यावर लाल ठिपका. जूनमध्ये त्यांची पिल्लं लव्हाळ्यात असतात आणि जवळ थांबणाऱ्या कोणाच्याही टाळक्यावर ते झेप घेतात. सायकलवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून हेल्मेट काढायचं नसतं. नवऱ्याने फोनसाठी काढलं होतं. पक्ष्याने पहिली झेप त्याच्या केसांतून घेतली.

"आई गं!" तो ओरडला.

"काय झालं? काय झालं रे?"

"काही नाही. पक्षी."

दुसरी झेप. तो वाकला, फोन हलला, आणि सांगलीला जे काय दिसायचं ते दिसलं असणार. चड्डी, रस्ता, सोयाबीन आणि मी.

सासूबाई बोलल्या. "सूनबाई आहे वाटतं तिथे. ती कामाला नाही गेली? दे तिच्याकडे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. डोक्यावर एका हाताचं छप्पर करून, वाकून, ओठांनीच म्हणाला, "आउटिंग सांग. टीम आउटिंग." आणि फोन माझ्यापुढे धरला.

सासूबाईंचा चेहरा अगदी कॅमेऱ्याजवळ आला होता, चष्म्यात ट्यूबलाइट. मागे सासरे ताठ बसलेले.

"अगं, हा ऑफिसात आहे की नाही?"

मी बोलणार नाही असा शब्द दिला होता. खोटं बोलेन असा दिला नव्हता. तिथे उभं राहून, त्या वाऱ्यात, मला हा फरक एकदम साफ दिसला.

"आई, ते त्यालाच विचारा," मी म्हटलं. "त्याच्याकडे वेळ आहे." आणि फोन त्याच्या हातात परत देऊन त्याची सायकल रस्त्याकडेच्या पाटीला टेकवली, माझ्या सायकलवर बसले आणि निघाले.

मागून त्याने हाक मारली, दोनदा. वाऱ्याने ती मागेच नेली.

पुढचं गाव आठ मैलांवर होतं. त्या आठ मैलांत, मी ज्याच्यासाठी आले होते ते सगळं मला मिळालं. एकही गाडी नाही, कोणाचं बोलणं नाही, दोन्ही बाजूंना हिरवं आणि मधे मी. आणि मला त्यातलं काहीही नकोसं झालं होतं. वारा तोंडावर थापडा मारत होता, मांड्या भरून आल्या होत्या, आणि मी सारखी मनात वाक्यं जुळवत होते: मी हे बोलायला हवं होतं, तो आता हे म्हणेल, मग मी असं म्हणेन. स्पेनच्या पठारावरही मी बहुतेक असंच केलं असतं. मग वकील आणि व्हिसापायी स्पेन हुकलं याची हळहळ कशाला?

गावात एक कॅफे होतं, दुपारी बंद होणारं. आत सहा म्हातारे एका टेबलाला, सगळ्यांच्या डोक्याला बियाणं कंपनीच्या टोप्या. मी कॉफी घेतली, काचेजवळ बसले. वेट्रेसने विचारलं, "एकटीच का?" मी म्हटलं, "आत्ता तरी."

तो बऱ्याच वेळाने आला. शर्ट अजून अंगातच होता, घामाने पाठीला चिकटलेला. समोर बसला. तो माझी कॉफी ओढून घेऊन प्यायला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"आई म्हणाली, मग शेजारच्या लग्नात काय सांगू लोकांना?"

"आणि बाबा?"

"बाबा उठून गेले." त्याने कप खाली ठेवला. "उठून आत गेले. आई हाका मारत होती, आले नाहीत."

मी वेट्रेसला आणखी एका कॉफीची खूण केली.

"तू मला एकट्याला सोडून गेलीस," तो म्हणाला. "पाच मिनिटं थांबली असतीस."

"मी फेब्रुवारीपासून थांबलेय."

"ते माझ्या घरचं होतं."

"मग मला फोन का दिलास?"

शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गप्प झाले होते. भाषा कळत नसली तरी भांडण कळतं. एकाने खुर्ची वळवली आणि अदबीने विचारलं, वारा कसा आहे बाहेर? मी म्हटलं, वाईट. तो म्हणाला, उद्या आणखी वाईट. मग ते पुन्हा आपापल्या गप्पांना लागले.

आम्ही सहल पूर्ण केली. परतीचे दोन दिवस वारा पाठीशी होता, आणि सकाळी आम्ही उजाडताच निघायचो, कारण कुठेही थांबायची गरज उरली नव्हती. मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तो माझ्या बराच मागे राहायचा आणि जेवणापुरतं बोलायचा. मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती असं मला वाटत नाही, पण प्रवास त्यामुळे आणखी जड झाला, हे खरं. शांततेचं म्हणाल तर एवढी शांतता मी कधी मागितली नव्हती.

आता त्याला नोकरी लागली आहे, आधीपेक्षा खालची, घरून करायची. फोन रोज होतो. सासूबाईंनी आठवड्याभरात सगळ्या आळीला सांगून टाकलं, आणि आता चुलत, मावस, आतेभाऊ त्याला सल्ले पाठवतात. तो ते वाचतो आणि चिडतो. सासरे मात्र फोनवर येत नाहीत. बाजूच्या खुर्चीत बसलेले असतात, फ्रेमच्या जरा बाहेर. त्यांचा खोकला ऐकू येतो. नवरा विचारतो, "बाबा कसे आहेत?" आणि सासूबाई सांगतात, "बरे आहेत." कधी कधी मी पुढे होऊन विचारते, "बाबा, औषध घेतलंत का?" त्याचंही उत्तर सासूबाईच देतात.